किरणची कॅनॉपी घरच्या घरी: आधी साचा, मग शीट, मशीन शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं एचजेटी-१६ किरण या भारतीय जेट प्रशिक्षण विमानाचं १:९ मापाचं उडतं मॉडेल बांधायला घेतलंय. खऱ्या किरणच्या पंखांचा पल्ला १०.७ मीटर, म्हणजे मॉडेलचा सुमारे ११९ सेंटिमीटर. सांगाडा झाला, पण कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) अडली. या मापाची तयार मिळत नाही. त्यानं लाकडाचा साचा कोरून त्यावर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरवर लावायची) पारदर्शक शीट हॉट एअर गननं बसवून पाहिली. ती आक्रसली, सुरकुतली आणि कडा वर वळल्या. मग कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेतली, ती खांद्यापाशी दुधाळ झाली आणि बाकीची साच्याला पुरलीच नाही. कॅनॉपी २६ सेंटिमीटर लांब, १३ रुंद आणि ७ उंच हवी आहे. शेवटचा सवाल: व्हॅक्यूम फॉर्मिंगचं (तापवलेली शीट हवा ओढून साच्यावर बसवणारं) मशीन बांधू की विकत घेऊ?

दोन्हीपैकी काहीच नको, निदान आत्ता नको. या आकाराला व्हॅक्यूम लागतच नाही. मी पिंपरीकडे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, आणि मॉडेलं त्याच्याही आधीपासून उडवतोय. या सगळ्या काळात माझ्या जितक्या कॅनॉप्या बिघडल्या, त्यातल्या बहुतेक साच्यामुळे बिघडल्या. काही चुकीच्या शीटमुळे. मशीन नव्हतं म्हणून बिघडलेली एकही आठवत नाही.

तुमचे दोन्ही प्रयोग का फसले ते आधी बघू, म्हणजे शीट कुठली घ्यायची ते आपोआप कळेल. प्रिंटरमधून जाणारी ओएचपीची शीट बहुधा पॉलिएस्टरची असते, म्हणजे बाटलीचं असतं ते प्लास्टिक, पीईटीच. पण कारखान्यात ती उभी-आडवी ताणून, ताणलेल्या अवस्थेतच थंड केलेली असते. तिच्यात तो ताण जागा असतो. गरम केली की ती मऊ होऊन तुमच्या साच्यावर पसरत नाही, तर आपल्या मूळ लहान आकाराकडे परत जायला बघते. तुम्ही जितकी उष्णता वाढवाल तितकी ती आक्रसणार. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. २०२० साली कोविडच्या काळात फेस शील्डसाठी ज्या पातळ शीट आल्या, त्यातल्याही पुष्कळशा याच जातीच्या होत्या. माझ्याकडे अजून त्यांची एक चवड पडून आहे. कॉकपिटच्या सपाट काचांना आणि स्टेन्सिल कापायला बरी, कॅनॉपीला निरुपयोगी.

बाटलीची गोष्टही तीच, फक्त तिथे हा आक्रसण्याचा गुण आपल्या कामाचा असतो. छोट्या टेस्टट्यूबसारख्या नळीला फुगवून बाटली करतात, त्यामुळे गरम केल्यावर ती पुन्हा नळीकडे निघते आणि वाटेत तुमचा साचा आडवा आला की त्याला घट्ट आवळते. अरुंद कॅनॉपीला ही उत्तम पद्धत आहे. तुमचं मॉडेल मारुतचं, म्हणजे अरुंद कॉकपिटच्या भारतीय लढाऊ जेटचं असतं तर मी म्हटलं असतं की बाटलीतच भागवा. पण किरणमध्ये शिकाऊ आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे कॅनॉपी पसरट. हिशोब करून बघा: १३ रुंद आणि ७ उंच अशा कमानीचा वरचा घेर साधारण २१ सेंटिमीटर, तळाचे १३ धरून ३४. दोन लिटरच्या बाटलीचा व्यास ११ च्या आसपास, म्हणजे तिचा घेर साडेचौतीस. साचा आत जेमतेम शिरणार, आवळायला जागाच नाही. म्हणून पुरली नाही. आणि खांद्यापाशी दुधाळ झाली ती यासाठी की गळ्याजवळचं प्लास्टिक कमी ताणलेलं आणि जाड असतं. तिथे तुम्ही गन जास्त वेळ धरलीत. पीईटी असं बराच वेळ तापत राहिलं की त्यात बारीक स्फटिक तयार होतात आणि ते प्रकाश विखुरतात. एकदा पांढरं झालं की ते घासून-पुसून जात नाही.

तुम्हाला हवी आहे ती पीईटीजी. नावात फक्त एक 'जी' जास्त, पण हिच्यात स्फटिक होत नाहीत आणि शीट ताणून ठेवलेली नसते. ८० अंशांच्या पुढे नरम पडू लागते, १३० ते १४० अंशांना कणकेसारखी ताणता येते, आणि जरा चुकून जास्त तापली तरी माफ करते. साइनबोर्ड आणि ॲक्रिलिकचं काम करणाऱ्यांकडे विचारा. भोसरी-चाकणच्या बाजूला ब्लिस्टर पॅकिंग करणाऱ्यांकडेही हाच माल रिळांमध्ये असतो आणि कधीकधी कापलेल्या कडा वजनावर मिळतात. जाडी १ मिलिमीटरची घ्या. पाऊण का नको ते पुढे सांगतो.

दुकानदार जे म्हणेल त्यावर मात्र जाऊ नका. पारदर्शक म्हटलं की पीव्हीसीची शीटही सर्रास पुढे येते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. पीव्हीसीही साच्यावर छान बसते, पण जास्त तापली की हायड्रोजन क्लोराइड सोडते. घसा आणि डोळे तर चुरचुरतातच, ओव्हनच्या आतला पत्राही गंजतो. ओळखायची सोपी रीत आहे. तांब्याच्या जाड तारेचं टोक गॅसवर लाल करा, लाल असतानाच शीटच्या कोपऱ्याला टेकवा म्हणजे थोडं प्लास्टिक त्याला लागेल, आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. ही चाचणी गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नको, आणि धुराच्या वर तोंड नको.

पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक यांच्याबद्दल लोक हमखास विचारतात. ॲक्रिलिक चमकतं सुरेख, पण पातळ झालं की ठिसूळ. गवतात उतरताना मॉडेल कोलांटलं की कोपरा गेलाच. पॉलिकार्बोनेट चिवट, पण त्याला जवळजवळ १५० अंशांपर्यंत काही होतच नाही आणि आकार द्यायला त्याच्याही वर जावं लागतं. शिवाय ते हवेतला ओलावा पितं. मी एकदा ऐन ऑगस्टमध्ये, चार दिवस झड लागलेली असताना, पॉलिकार्बोनेटची शीट सरळ ओव्हनमध्ये टाकली. बघता बघता तिच्या पोटात साबुदाण्यासारखे फुगे उठले. आतल्या पाण्याची वाफ झालेली. ती शीट आधी १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवायला हवी होती. तेव्हापासून पॉलिकार्बोनेट माझ्याकडे फक्त शर्यतीच्या मॉडेलांसाठी निघतं, तेही उन्हाळ्यात.

आता साचा. इथे घाई करू नका, कारण शीट फार प्रामाणिक असते. साच्यावर जे आहे ते सगळं ती दाखवते.

लाकूड शिवण किंवा जुनं सागवान घ्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान मिळतं, ते पुरतं सुकलेलं असतं आणि हलत नाही. बाल्साचा, म्हणजे मॉडेलांसाठी वापरतात त्या हलक्या लाकडाचा, साचा करू नका. बाल्सा इतका मऊ की ताणलेली शीट त्याच्या शिरा दाबून आत घेते आणि दुसऱ्या खेपेला साचा वेगळ्याच आकाराचा झालेला असतो. एमडीएफ चालतो, पण त्याच्या कापलेल्या कडा रंग पीत राहतात, त्यामुळे छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे जास्त हात द्यावे लागतात.

साच्याचं माप कॅनॉपीच्या बाहेरच्या मापापेक्षा शीटच्या जाडीइतकं आत घ्यायचं. खाली मात्र तो कॅनॉपीच्या रेषेवर संपवायचा नाही, आणखी १५ मिलिमीटर सरळ खाली न्यायचा. कारण तळाशी शीट साच्याला सोडून फ्रेमकडे वळते, तिथे तिला गोलाई येते आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. तो सगळा भाग कापून टाकायच्या पट्टीत यायला हवा. या पट्टीला दोन-तीन अंशांचा उतार द्या, खाली किंचित रुंद. आम्ही पॅटर्नमध्ये याला ड्राफ्ट म्हणतो. उतार नसेल तर थंड झालेली कॅनॉपी साच्यावरून निघताना रडवते. थंड होताना ती आकसून साच्याला मिठी मारून बसलेली असते. किरणची कॅनॉपी कुठे आतल्या बाजूला वळत नाही, त्यामुळे साचा दोन तुकड्यांत करायची गरज नाही. साच्याखाली, त्याच्याहून लहान असा पाच सेंटिमीटर उंचीचा ठोकळा स्क्रूनं बसवा, म्हणजे फ्रेम साच्याच्या तळाच्याही खाली उतरवता येईल.

समोरची विंडस्क्रीन याच साच्यात ओढायच्या मोहात पडू नका. दोन्हींच्या मधल्या सांध्याजवळ जिथे आकार किंचित खोलगट होतो, तिथे शीट अधांतरी राहील. विंडस्क्रीनचा तुकडा वेगळा करा.

कोरून, कानस मारून आकार आला की सीलर, मग गाडीच्या पेंटवाल्यांची लांबी (खळगे भरायची पुटी), मग वॉटर पेपर. २२०, ४००, ८००, १२००, पाण्याबरोबर. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. पुढच्या नंबरनं जातील असं म्हणून पुढे गेलात तर ते कॅनॉपीत भेटतात. वरून रंग द्यायचा असेल तर टू-पॅक पीयूचा (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) द्या आणि आठवडाभर साचा कपाटावर ठेवून विसरून जा. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर गरम शीटखाली मऊ होतो आणि एखाद्या वेळी शीटलाच चिकटून सोलून येतो.

साचा झाला की नाही हे हातानं कळत नाही, उजेडानं कळतं. रात्री खोलीत एकच ट्यूबलाइट लावा. साचा जरासा ओला करून तिच्याखाली असा धरा की ट्यूबची लांब पांढरी रेघ साच्याच्या पाठीवर उमटेल. आता साचा हळूहळू कलता करा. ती रेघ माथ्यावरून कडेकडे सरकत जाईल. जिथे ती तुटते, नागमोडी होते किंवा एकदम जाड होते, तिथे खळगा किंवा उंचवटा आहे. पेन्सिलीनं गोल करा, लांबी भरा, पुन्हा घासा. माझ्या पहिल्या कॅनॉपीच्या वेळी आमच्या वर्कशॉपमधल्या वयस्कर मिस्त्रींनी साचा हातात घेतला, ट्यूबखाली एकदा फिरवला आणि काही न बोलता खिशातल्या खडूनं त्यावर अकरा गोल काढून परत दिला. मला तोवर तो आरशासारखा वाटत होता. पाण्यानं ओला केल्याशिवाय मॅट पृष्ठभागावर रेघ उमटत नाही, हेही तेव्हाच कळलं.

मॅट म्हणालो ते मुद्दाम. साचा आरशासारखा चकाकता करू नका. १२००च्या पेपरवर, फार तर २०००वर थांबा. अगदी गुळगुळीत साच्यावर शीट बसताना हवेला निघायला वाट मिळत नाही आणि मध्येच हवेचे कप्पे अडकतात; त्या जागी कॅनॉपीतून बघितलं की चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं दिसतं. बारीक मॅट पृष्ठभागातून हवा निसटते, आणि शीट गरजेपेक्षा जास्त तापलेली नसेल तर इतके बारीक ओरखडे ती उचलत नाही. खऱ्या विमानांची ॲक्रिलिकची कॅनॉपी साच्यावर टाकताना साच्याला फ्लॅनेलचं कापड किंवा नमदा चढवायचे, तेही साच्याचे ठसे उठू नयेत यासाठीच.

थ्रीडी प्रिंट करू का, असं तुम्ही पुढे विचारणारच. करा, पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जाड भिंतीचा, आतून भरलेला साचा एक-दोन खेपा टिकतो, कारण पातळ शीटमध्ये उष्णता थोडीच असते. थरांच्या रेषा मात्र लांबी लावून घालवाव्याच लागतील, म्हणजे घासण्यातून सुटका नाहीच. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचाही होतो; गणपतीच्या कारखान्यात वापरतात त्यापेक्षा दातांच्या कवळीवाल्यांकडचं डेंटल स्टोन जास्त कठीण आणि बारीक पोताचं. पण तो पूर्ण वाळला पाहिजे. ओल्या प्लास्टरवर गरम शीट पडली की वाफ सुटते आणि कॅनॉपीवर धुकं धरतं.

शीट १ मिलिमीटरची का, ते आता. माझी फ्रेम १५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीची असते, खाली एक आणि वर एक, मध्ये शीट. तुमच्या साच्याला आतली खिडकी ३० बाय १७ सेंटिमीटर पुरे, म्हणजे शीटचा तुकडा ३३ बाय २०. खिडकीचं क्षेत्रफळ ५१० चौरस सेंटिमीटर. ओढून झाल्यावर तीच शीट साच्याची पाठ, खालची पट्टी आणि फ्रेमपर्यंतचा भाग असं सगळं झाकते, आणि ते माझ्या हिशोबानं ८००च्या वर जातं. प्लास्टिक तेवढंच, क्षेत्र दीडपटीहून जास्त. म्हणजे १ मिलिमीटरची जाडी सरासरी ०.६ वर येणार. आणि सरासरी फसवी असते: शीट साच्याच्या माथ्याला आधी टेकते, तिथे थंड होऊन थांबते, आणि पुढचं सगळं ताणणं कडेच्या भागाला सोसावं लागतं. त्यामुळे माथा जाड आणि कडा पातळ. पाऊण मिलिमीटरनं सुरुवात केलीत तर कॅनॉपी जिथे हातात धरायची तिथेच ती बिस्किटाच्या पुड्यासारखी कुरकुरेल.

ओव्हन ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायचा घरगुती विजेचा, चालतो, पण खायच्या वस्तूंचा नको. मी माझा जुन्या बाजारातून बुधवारी जाऊन आणला. दरवाजाची काच तडकलेली म्हणून स्वस्तात. घेताना लिटर बघू नका, आतून टेप लावून फ्रेम बसते का ते बघा. त्याच्या आकड्यावरही फार विसंबू नका. साधारण १६०वर लावून पंधरा मिनिटं तापू द्या, बाकी डोळ्यांनी बघायचं.

शीटचा संरक्षक पापुद्रा काढला की ती विजेनं भारते आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेते. म्हणून पापुद्रा अगदी शेवटी काढा, शीट भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं धुवा, झटकून वाळू द्या. पंखा बंद. केस, कापसाचा तंतू, सिमेंटचा कण, जे काही मध्ये सापडेल त्याचा ठसा कॅनॉपीवर उमटतो आणि उन्हात तोच आधी दिसतो.

आता फ्रेमला चारी बाजूंनी बाइंडर क्लिपा लावा, दर चार-पाच सेंटिमीटरला एक, आणि ओव्हनमध्ये सरकवा. दिवा आत नसेल तर बाहेरून बॅटरी मारा आणि शीटवर पडलेलं हीटरच्या सळईचं प्रतिबिंब बघत राहा. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग शीट अचानक लाटा मारते, पापडासारखी, आणि नवखा माणूस इथेच घाबरून बाहेर काढतो. काढू नका. थोड्या वेळात त्या लाटा आपोआप विरतात आणि शीट तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. प्रतिबिंब एकदम सरळ होतं. तेव्हाही ती तयार नसते. त्यानंतर मधोमध ती हळूहळू खाली झोळ धरते. १७ सेंटिमीटर रुंदीच्या खिडकीत झोळ १५ ते २० मिलिमीटर झाला की वेळ झाली. त्याच्यापुढे थांबलात तर मधला भाग आणखी पातळ होतो आणि साच्याचे ठसेही जास्त उचलले जातात.

यापुढे तुमच्याकडे पाच-सहा सेकंद आहेत. ओव्हनचं दार उघडल्यापासून मोजायचे. म्हणून साचा ओव्हनशेजारीच, त्याच उंचीच्या टेबलावर शिकंज्यात पक्का हवा, आणि वाटेत खुर्ची, वायर, मांजर काही नको. वेल्डिंगवाल्यांचे चामड्याचे मोजे घाला. स्वयंपाकघरातल्या कापडी पकडीनं क्लिप निसटते. फ्रेम साच्यावर मधोमध धरा, दोन्ही हात सारखे खाली न्या, न थांबता, फ्रेम साच्याच्या तळाच्या खाली जाईपर्यंत. झटका नको आणि रेंगाळणंही नको. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना जी एकसारखी गती लागते, तशी. तळाशी पोचलात की तिथेच वीसपर्यंत मोजा. हात कापायला लागतात, पण सोडलं तर कडा वर उचलतात. मी कोरड्या सरावाच्या दहा खेपा मारतो, थंड शीट न लावता, नुसती फ्रेम घेऊन. शेजारी बघून हसतात ते हसू देत.

पहिल्या तुकड्यात काहीतरी चुकणारच, म्हणून शीटचे आठ तुकडे कापून ठेवा. माथा गुळगुळीत पण खालच्या कोपऱ्यांत उभ्या चुण्या आल्या, तर फ्रेमची खिडकी साच्याच्या मानानं मोठी आहे. आतून प्लायची चौकट लावून लहान करा. कडेला शीट साच्याला सोडून राहिली, तर ती थंड होती किंवा तुम्ही हळू होतात. माथ्यावर आडवी पुसट रेघ आली, तर शीट साच्याला टेकल्यावर तुमचा हात क्षणभर थबकला. तेवढ्यात माथा गारठला आणि पुढचं प्लास्टिक तिथून ताणलं गेलं. हा दोष साचा किंचित गरम करून घेतला की खूप कमी होतो. हॉट एअर गन दोन मिनिटं फिरवा, हाताला सोसवेल इतकाच.

यावरही कडा बसत नसतील तरच व्हॅक्यूमकडे वळा, आणि तेव्हाही घरचा व्हॅक्यूम क्लीनर पुरे. प्लायचा उथळ डबा, वरच्या फळीला ३ मिलिमीटरची भोकं दोन-दोन सेंटिमीटरवर, कडेला फोमची पट्टी, आणि साच्याखाली दोन-तीन वॉशर म्हणजे तळातून हवा ओढली जाईल. क्लीनर दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे ग्रॅमचा दाब देतो. ऐकायला किरकोळ, पण तुमच्या साच्याच्या तळाच्या क्षेत्रावर तो ४० ते ५० किलो होतो. तेवढं शीटच्या कडा बसवायला भरपूर. डबा उथळ ठेवा, कारण आतली सगळी हवा आधी निघावी लागते आणि शीट तोवर गार होत असते.

कापण्याचं काम साच्यावरच करा. कॅनॉपी साच्यावर असताना तो काचेवर उभा करा, लाकडी ठोकळ्याला हव्या उंचीवर मार्कर पेन बांधा आणि ठोकळा काचेवरून साच्याभोवती फिरवा. रेषा चारी बाजूंनी एका पातळीत येते. कापताना रेषेबाहेर दोन मिलिमीटर सोडून वाकड्या कात्रीनं कापा, राहिलेलं ठोकळ्यावर पेपर लावून घासा. आतल्या कोपऱ्यात कात्री थांबणार असेल तर तिथे आधी छोटं भोक पाडा, नाहीतर तिथूनच चीर धावते.

चिकटवताना झटपट चिकटणारा इन्स्टंट ग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट, कॅनॉपीच्या आसपासही आणू नका. त्याची वाफ बंद जागेत अडकते आणि काचेवर पांढरं धुकं होऊन बसते. एका मॉडेलचा वैमानिक मी असाच कायमचा धुक्यात बसवला आहे. पांढरा पीव्हीए डिंक वापरा, सुताराचा. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि थोडा लवचिकही राहतो. वाळेपर्यंत मास्किंग टेपनं धरून ठेवा, रात्रभर. चौकटीच्या पट्ट्या रंगवायला थिनर असलेला रंग पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो. पीईटीजीवरही आधी तुकड्यावर लावून बघा.

कॅनॉपी काढता-घालता येण्यासारखी करणार असाल, आणि बॅटरी बदलायची तर करावीच लागेल, तर स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा. २६ सेंटिमीटरची पीईटीजी सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंश तापली तर पाऊण मिलिमीटर वाढते. घट्ट भोकातून ती वाढ कुठे जाणार? मधोमध फुगते, किंवा भोकापासून चिरते.

आणि मे महिन्यात मॉडेल गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. माझं एक ग्लायडर मी तसं ठेवून तासभर जेवायला गेलो. बंद गाडीत ऊन, त्यात कॉकपिटचा आतला भाग मी हौसेनं काळा रंगवलेला. परत आलो तर कॅनॉपीचा माथा पोळीच्या मध्यासारखा खाली बसला होता. पीईटीजी ८० अंशांना नरम पडते हे मी इथे एवढं लिहिलंय, पण त्या दिवशी ते मला सुचलं नव्हतं. तुमच्या किरणमध्ये सीटच्या मागे, जिथे दिसणार नाही अशा जागी, दोन ५ मिलिमीटरची भोकं ठेवा म्हणजे आतली गरम हवा निघेल, आणि प्रवासात कॅनॉपीवर पांढरा सुती पंचा टाका.